अद्भुतरम्य कादंबरीतील हरवलेला परगणा

लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. ह्या कादंबऱ्यांनी मराठी वाचकास कल्पित, प्राचीनसदृश राज्यांची गोडी लावली; नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पर्यंत ती टिकून राहिली. ह्या परंपरेवरील नेहमीचा आक्षेप अद्भुताच्या अतिरेकाचा आहे. योगायोग फार, चमत्कार फार, म्हणून विश्वसनीयता कमी, असे हे अनुमान. परंतु हे निदान अपुरे आहे. ह्या राज्यांत अद्भुत अधिक आहे ह्यापेक्षा त्यांत परगणा नाही, हे त्यांचे खरे वैगुण्य होय.

ही उणीव प्रथम शब्दसंग्रहात दिसते. राजा, प्रधान आणि राजकन्या एका टोकास. दासी, लुटारू आणि वनवासी दुसऱ्या टोकास. मधली जागा बहुधा रिकामी असते. प्रत्यक्ष मध्ययुगीन महाराष्ट्रात राज्य उभे होते ते ह्याच मधल्या जागेवर. काही गावांचा मिळून परगणा होई. त्यावर देशमुख, हिशेबास देशपांडे. गावात पाटील आणि कुळकर्णी. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त हे वतनदार म्हणजे लहान, पण जवळजवळ स्वतंत्र असे देशनायकच मानले आहेत, आणि त्यांच्याविषयी राजाने सावध राहावे असे बजावले आहे. राज्य बुडते की तरते, हे पुष्कळदा देशमुख कोणास मिळतो ह्यावर ठरे. अद्भुतरम्य कादंबरीत मात्र राज्य बळकावले जाते आणि परतही मिळते. परंतु त्या उलथापालथीत सारा कोणी वसूल केला आणि कोणाचा हक्क बुडाला, हे कळत नाही.

असा परगणा कल्पावयाचा झाल्यास भाषेची अडचण उभी राहते, हेही मान्य केले पाहिजे. ‘पाटील’ हा शब्द ताम्रपटांतील ‘पट्टकिल’पर्यंत मागे नेता येतो, परंतु ‘परगणा’ फारसीतून आणि ‘महाल’, ‘मौजे’ हे मूळ अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आले. यादवकालाचा आभास निर्माण करणाऱ्या कथेत ते कालविसंगत ठरतील; तेथे ‘देश’, ‘खंपण’ अशा संज्ञा हव्यात. शिवकालात तयार झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देतो, तो शब्दबदल हे राज्यकर्त्याचे कृत्य होते म्हणून. म्हणजे कारभाराची संज्ञा ही काळाची आणि सत्तेची खूण असते. ती प्रदेशाचीही खूण असते. भोसल्यांच्या नागपूर प्रांतात परगण्यावर कमाविसदार असे, आणि गावच्या हिशेबनिसास ‘पांड्या’ म्हणत. इतरत्र ‘कोतवाल’ म्हणताच नगराचा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. नागपूरकडील खेड्यात तो गावचा चाकर असतो. प्रताप नगरसारख्या आजच्या नागरी वस्तीतील खरेदीखतांतही ‘मौजा’ टिकून आहे; राज्ये गेली, पण गाव मोजण्याची संज्ञा गेली नाही.

अद्भुतकथेस हिशेबाची वही कशाला, असा प्रतिवाद संभवतो. लोककथेपुरता तो योग्य आहे. तेथे ‘एक होता राजा’ एवढे पुरते. कादंबरी मात्र घटनांची कारणे सांगण्याचे ओझे स्वतःहून पत्करते. शिवाय अलौकिक आणि स्थानिक ह्यांत मूलतः विरोध नाही. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त अलौकिक प्रसंग नावागावासह सांगितले आहेत, आणि ‘स्थानपोथी’ने त्या जागा नोंदून ठेवल्या आहेत. श्रद्धेचा ग्रंथ आणि कादंबरी ह्यांची प्रतिज्ञा भिन्न असली, तरी ऋद्धिपुराचे नाव घेतल्याने अलौकिकाची उंची कमी होत नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांची ‘मोचनगड’ (१८७१) ह्या संदर्भात महत्त्वाची ठरते. तिच्यातील गड कल्पित आहे, पण तो शिवकालाच्या ओळखीच्या व्यवस्थेत उभा केला आहे. मराठी कादंबरी अद्भुताकडून इतिहासाकडे वळली, असे ह्या स्थित्यंतराचे वर्णन केले जाते. ते अधिक नेमकेपणाने करावयाचे, तर कल्पित राज्यास प्रथमच कारभार लाभला, असे म्हणावे लागेल. कल्पित राज्याची परीक्षा त्याच्या सिंहासनावरून करण्यापेक्षा तेथील पाटील कोणास जबाबदार आहे, हे विचारून करणे अधिक फलदायी ठरेल.