हौशी शिल्पकला : माध्यम व विषय यांच्या निवडीचा प्रश्न

हौशी शिल्पकार बहुधा विषय आधी ठरवितो व माध्यम मागाहून शोधतो. राष्ट्रपुरुषाचा अर्धपुतळा हा त्याचा आवडता विषय आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस हे सोयीचे माध्यम. दोष या क्रमातच आहे.

शिल्पकार वि. पां. करमरकर (१८९१-१९६७) यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. पुण्यातील १९२८ चा त्यांचा अश्वारूढ शिवपुतळा ब्राँझचा आहे. सडपातळ पायांवर घोडा व स्वार पेलणे धातूलाच सहज साधते. सासवणे येथील स्वतःच्या घरी मात्र त्यांनी सिमेंटसारखे स्वस्त माध्यम स्वीकारले आणि भोवतालची माणसे व जनावरे घडविली. माध्यम स्वस्त म्हणून शिल्प गौण ठरले नाही.

सोलापुरातील हौशी कलावंतापुढील अडचण अधिक मूलभूत आहे. येथील काळी माती वाळताना आकसते व तडकते. बेसाल्ट नवशिक्याच्या छिन्नीला दाद देत नाही. सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांचा मोह स्वाभाविक असला, तरी ती उंच, बारीक काठी मातीत उभी राहणे कठीण. तेथे उठावशिल्पच योग्य. याउलट मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी स्त्री हा विषय मातीला व सिमेंटलाही मानवणारा आहे. दुमडलेले पाय, वाकलेली पाठ व सूप मिळून एकसंध घनाकार तयार होतो; कोणताही अवयव अधांतरी राहत नाही. बोटांची लगबग मात्र सिमेंटमध्ये हरवते. ती हवी असल्यास बाहेरून शाडू आणणे भाग आहे.