एरिक्सन यांचा ल्यूथर आणि आपल्या हातातील अहवाल

एरिक एरिक्सन यांचे ‘यंग मॅन ल्यूथर’ हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले. ल्यूथरचे चरित्र लिहावे असा लेखकाचा मूळ हेतू नव्हता. पौगंडावस्थेच्या अखेरीस व तारुण्याच्या उंबरठ्यावर येणाऱ्या मानसिक संकटांवर एक ग्रंथ लिहावयाचा आणि त्यातील एका प्रकरणात ल्यूथरचे उदाहरण घ्यावयाचे, एवढाच बेत होता. परंतु त्या एका प्रकरणाने सगळा ग्रंथच व्यापून टाकला. तेव्हा हे पुस्तक एकाच वेळी धर्मसुधारणेच्या इतिहासाचे आणि वाट चुकलेल्या तरुणांच्या शुश्रूषेचे आहे, आणि पाळकांनी व धर्मशिक्षकांनी ते या दोन्ही अंगांनी तपासून पाहणे अगत्याचे आहे. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्दप्रयोग आज आपल्या पाळकीय समुपदेशनाच्या वर्गांतून व युवक शिबिरांतून इतक्या सहजपणे ऐकू येतो की, तो कोणी आणि कोणत्या मुलांकडे पाहून रूढ केला याची चौकशी करण्याचे कोणास कारणच वाटेनासे झाले आहे.

एरिक्सन यांचा जन्म १९०२ साली फ्रँकफुर्ट येथे झाला. आई डॅनिश यहूदी. जन्मदाता पिता कोण, हे त्यांना आयुष्यभर कळले नाही. बालरोगतज्ज्ञ असलेल्या सावत्र वडिलांचे होमबुर्गर हे आडनाव त्यांनी लावले आणि १९३९ साली अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारताना ‘एरिक्सन’ हे आडनाव स्वतःच स्वतःस दिले. ‘मी कोण?’ हा प्रश्न त्यांना ग्रंथांतून उसना घ्यावा लागला नव्हता. व्हिएन्ना येथे अ‍ॅना फ्रॉइड यांच्या हाताखाली ते शिकले, आणि तेथील त्यांच्या गुरुजनांत आउगुस्ट आयख्होर्न हे एक होते. पहिल्या महायुद्धानंतर निर्वासितांच्या जुन्या छावणीत उनाड व गुन्हेगार ठरलेल्या मुलांसाठी गृह चालविणारा हा शिक्षक. सर्वांत हिंसक मुलांचा एक गट त्याने वेगळा ठेवला आणि जिवावर बेतल्याखेरीज मुलांना आडवे जाऊ नये, अशी ताकीद सहकाऱ्यांस दिली. मुलांनी खिडक्या, दारे, बाके फोडली. शेजारी ओरडू लागले. आणि पुष्कळ दिवसांनी त्या दंग्यातील जोर ओसरून मुले रडू लागली, तेव्हा खरे काम सुरू झाले. १९२५ साली आयख्होर्न यांनी हा अनुभव ग्रंथरूपाने मांडला व त्यास फ्रॉइड यांनी प्रस्तावना लिहिली. पुढे १९५१ पासून १९६० पर्यंत एरिक्सन स्टॉकब्रिज येथील ऑस्टेन रिग्ज या उपचारकेंद्रात मनाने कोलमडलेल्या तरुणांत काम करीत होते. ल्यूथरवरील पुस्तक त्या वर्षांतील आहे.

त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा. मनुष्याचे आयुष्य आठ टप्प्यांत उलगडते. पाचव्या टप्प्यावर, कुमारवयात, बालपणापासून गोळा झालेली सगळी रूपे जुळवून ‘मी हा असा आहे’ असे एक स्वत्व उभे करावे लागते. पण ते एकट्याने उभे राहत नाही. ज्याला मी ‘मी’ म्हणतो त्याला भोवतालच्या वडीलधाऱ्यांनीही ओळख द्यावी लागते. या वयात जो गुण फुलतो त्यास एरिक्सन निष्ठा म्हणतात. तरुण मनुष्य जिवापाड निष्ठा ठेवण्याजोगे काहीतरी शोधीत असतो, आणि ते न सापडल्यास मोडतोडीलाही निष्ठा वाहतो. या शोधासाठी समाजाने त्याला तहकुबी द्यावी, असे ते म्हणतात. शब्द सावकारीतला आहे: कर्ज माफ झालेले नाही, फेड फक्त पुढे ढकलली आहे. ल्यूथरला ही तहकुबी मठाने दिली, असे पुस्तकाचे एक मुख्य प्रतिपादन आहे. २ जुलै १५०५ रोजी श्टॉटर्नहाइमजवळ विजेच्या कडकडाटात घाबरलेल्या त्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संन्यासी होण्याचा नवस केला आणि त्याच महिन्यात तो एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात शिरला. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून खाणउद्योगात वर आलेल्या हान्स ल्यूथरला मुलाने वकील व्हावे असे वाटत होते. १५०७ साली मुलाच्या पहिल्या मिस्साला तो आला आणि सर्वांदेखत त्याने आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेची आठवण करून दिली. एरिक्सन हा प्रसंग फार सुरेख उलगडतात.

परंतु पुस्तकाचे दुसरे प्रकरण वाचताना सावध राहिले पाहिजे. मठातील गायनस्थानी, भूतग्रस्त मुलाचे शुभवर्तमान वाचले जात असता तरुण ल्यूथर जमिनीवर कोसळला आणि ‘तो मी नव्हे’ अशा अर्थाचे काही ओरडला, ही कथा तेथे पायाभूत धरली आहे. ती सांगणारे तिघेजण ल्यूथरच्या अनुयायांपैकी नव्हते, त्यांतील काही तर उघड विरोधक होते, आणि प्रसंग त्यांनी डोळ्यांनी पाहिला असे कोणी म्हणत नाही. एरिक्सन हे लपवीत नाहीत. दंतकथेलाही अर्धा इतिहास मानावे लागते, असे ते म्हणतात, आणि त्यासाठी तीन अटी घालतात: इतर सिद्ध गोष्टींशी तिचा विरोध नसावा, ती खरी वाटावी, आणि तिच्यातून निघणारा अर्थ मानसशास्त्रीय सिद्धांताशी जुळावा. तिसऱ्या अटीवर वाचकाने थांबावे. सिद्धांत सिद्ध करण्यासाठी जो पुरावा आणावयाचा, तो पुरावा खरा की खोटा हे सिद्धांतच ठरवू लागला, तर उरले काय? रोलंड बेंटन यांच्यासारख्या ल्यूथर-चरित्रकाराने या पद्धतीवर हरकत घेतली ती रास्तच होती. पित्याच्या क्रौर्याविषयीचे पुष्कळसे विवेचन तर ल्यूथरने प्रौढपणी भोजनप्रसंगी काढलेल्या दोनचार उद्गारांवर उभे आहे, आणि त्यांतील एका प्रसंगी मारणारी आई होती, कारण एक अक्रोड.

इतिहासकारांची ही भांडणे आपण त्यांच्यावर सोडू शकलो असतो. पण हीच चूक मी स्वतः केली आहे, आणि ती पाचशे वर्षांपूर्वीच्या मनुष्याविषयी नव्हती. काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका गावी आमच्या मंडळीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलास चोरीच्या आरोपावरून निरीक्षणगृहात ठेवले होते. मुलाविषयी चार ओळी लिहून द्याव्यात, मंडळापुढे ठेवता येतील, अशी त्याच्या आईने विनंती केली. मी दीड पान लिहिले. घरातील कठोर पित्याविरुद्धचे बंड मुलगा शाळेवर व समाजावर काढीत आहे, हे स्वत्वाचे संकट आहे, असे त्यात होते. भाषा बरी उतरली होती. आईने ते पान मुलास वाचून दाखविले. पुढच्या भेटीत त्याने मला एवढेच विचारले, “पास्टरसाहेब, तुम्ही माझ्या बाबांना कधी भेटलात?” मी भेटलो नव्हतो. वडील सहा वर्षांपासून गोव्यात मासेमारीच्या ट्रॉलरवर होते, वर्षातून एकदा नाताळास येत, आणि त्या मुलाला त्यांच्याविषयी एकच तक्रार होती, ती म्हणजे ते राहत नाहीत. जेथे मला माहिती नव्हती तेथे सिद्धांताने माहिती पुरविली होती, आणि ती इतकी नीट बसली होती की मला शंकाही आली नाही.

या गोष्टीचे गांभीर्य आता पूर्वीपेक्षा वाढले आहे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात सोळा वर्षांखालील मुलगा व अठरा वर्षांखालील मुलगी ‘बाल’ गणली जात. २००० च्या कायद्याने दोघांसही अठराची मर्यादा दिली. आणि जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या २०१५ च्या कायद्याने, सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असल्यास, बाल न्याय मंडळाने त्याची प्राथमिक पारख करावी असे ठरविले. अपराध करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची पात्रता आणि अपराध घडला ती परिस्थिती, या गोष्टी मंडळ पाहते, व त्यावर तो प्रौढाप्रमाणे खटल्यास सामोरा जाईल की नाही हे अवलंबून राहते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पारख नाजूक असल्याचे सांगून, मंडळाच्या सदस्यांस बालमानसशास्त्राचे शिक्षण नसेल तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे आवश्यक ठरविले. परिवीक्षा अधिकारी जो सामाजिक तपास अहवाल तयार करतो त्यासाठी शेजारी, शिक्षक आणि धर्मगुरू यांच्याकडे विचारणा होऊ शकते. आपण सैलपणे वापरलेला एखादा शब्द, ‘बंडखोर वृत्ती’, ‘अधिकाराविषयी द्वेष’, कोठे जाऊन पोहोचेल, हे आपल्या हाती राहत नाही.

गंमत अशी की, या धोक्याची जाणीव एरिक्सन यांच्याइतकी स्पष्टपणे फार थोड्यांनी करून दिली आहे. १९६८ च्या ‘आयडेंटिटी : यूथ अँड क्रायसिस’ या ग्रंथात ते नकारात्मक स्वत्वाची कल्पना मांडतात: काहीच न होण्यापेक्षा, ज्याविषयी आपल्याला सतत ताकीद दिली गेली तेच होऊन दाखवावे, असा निर्णय मुलगा घेतो. आणि न्यायाधीश वा वैद्य जेव्हा त्याला गुन्हेगार अथवा विकृत म्हणून मोकळे होतात, तेव्हा तो निर्णय पक्का करण्यास ते हातभारच लावतात. ‘तुझ्या मामासारखा दारुडा होशील’ हे वाक्य आपल्या घराघरांतून किती सहजपणे उच्चारले जाते! मुलाच्या कानी ते धमकी म्हणून जात नाही; त्याला एक तयार जागा दाखविली जाते.

तथापि या सिद्धांतास एक मर्यादा आहे, आणि आपल्या मंडळ्यांतून ती विशेष जाणवते. ऑस्टेन रिग्ज ही खाजगी संस्था. तेथील रुग्णांना घरदार सोडून काही महिने उपचार घेणे परवडत होते. ल्यूथरला मठ पोसत होता. चौदाव्या वर्षी वीटभट्टीवर किंवा गॅरेजमध्ये जाणाऱ्या मुलाला तहकुबी कोण देणार? त्याच्या बाबतीत पुष्कळदा पहिली तहकुबी निरीक्षणगृहाच्या कुलपाआड मिळते, ही कटू गोष्ट आहे. शिवाय स्वत्वाला समाजाची मान्यता लागते हे खरे असेल, तर आपल्यातील दलित ख्रिस्ती कुटुंबांतील मुलाला ती कोण देते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला. १९५६ साली शिखांसाठी व १९९० साली बौद्धांसाठी ती अट सैल झाली, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. परिणामी अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक नाव व एक धर्म, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दुसरे नाव असते. गावात त्याला जुन्या जातीनेच ओळखतात, चर्चमध्ये ती जात नाहीशी झाली असे सांगतात, कचेरीत ती सिद्ध करावयास लावतात. अशा मुलाचा गोंधळ त्याच्या मनात जन्मलेला नाही. तो कागदावर आहे. त्याला स्वत्वसंभ्रम म्हणून समुपदेशनास पाठविणे म्हणजे चुकीचे वजन टाकणाऱ्या तराजूबद्दल गिऱ्हाइकाची समजूत घालण्यासारखे आहे.

मुलींविषयी एरिक्सन यांनी लिहिलेले आज फारसे टिकत नाही. मुलीचे स्वत्व तिच्या होणाऱ्या पतीसाठी काही अंशी मोकळे राखलेले असते, या त्यांच्या म्हणण्यास कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली दिलेले उत्तर अधिक वाचनीय आहे. जेम्स मार्सिया यांच्या १९६६ च्या संशोधनाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. महाविद्यालयीन तरुणांस व्यवसाय, धर्म व राजकारण यांविषयी प्रश्न विचारून त्यांनी चार स्थिती वेगळ्या केल्या. त्यांतील एक अशी: तरुणाने सगळे ठरविले आहे, पण शोध कधी घेतलेला नाही, वडिलांनी ठरविलेलेच त्याने उचलले. बाहेरून हा मुलगा सर्वांत स्थिर दिसतो. आपल्या दृढीकरणाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून सगळी उत्तरे पाठ म्हणणारा बहुधा हाच. मागच्या बाकावरून ‘देव आहे कशावरून?’ असे विचारणाऱ्यास आपण वर्गाबाहेर काढतो, आणि पुढे निरीक्षणगृहात भेटावयास जातो.

पुस्तकातील जो मनुष्य माझ्या मनात राहिला तो हान्स ल्यूथर नव्हे, योहान फोन श्टाउपिट्झ होय. ऑगस्टिनियन संन्याशांचा हा प्रमुख, तरुण ल्यूथरचे तासन्‌तास चालणारे पापांगीकार ऐकत असे. क्षुल्लक गोष्टींची ती यादी ऐकून तो कधी चिडेही, पण त्याने दार बंद केले नाही, आणि या तरुणाला काय झाले आहे याचा निकालही लिहून ठेवला नाही. पदवी घेऊन शिकवावयास लाग, असे त्याने सांगितले तेव्हा ल्यूथरने नकाराची लांबलचक कारणे पुढे केली. या कामाने मी मरेन, असेही म्हणाला. श्टाउपिट्झने ते हसण्यावारी नेले. १५१२ साली ल्यूथर डॉक्टर झाला, आणि विटेनबर्ग येथील पवित्र शास्त्राचे अध्यापनपद श्टाउपिट्झने त्याच्यासाठी सोडले; ते त्याचे स्वतःचे होते. पुढील वर्षी ल्यूथरने स्तोत्रसंहितेवर व्याख्याने देण्यास आरंभ केला. एरिक्सन यांनी या व्याख्यानांवर लिहिलेली पाने पुस्तकात सर्वांत सरस आहेत, कारण तेथे त्यांच्यापुढे ल्यूथरचे स्वतःचे शब्द आहेत आणि दंतकथेची गरज पडत नाही.

ज्यांस हे पुस्तक प्रथमच हाती घ्यावयाचे असेल त्यांनी व्याख्यानांचे ते सहावे प्रकरण आधी वाचावे, मग पहिल्या मिस्साचे पाचवे, आणि गायनस्थानातील मूर्च्छेचे दुसरे प्रकरण सर्वांत शेवटी, हाती पेन्सिल घेऊन. त्या मुलाविषयीचे दीड पान मी परत मागून घेतले व त्याऐवजी सहा ओळी दिल्या: त्याला मी किती वेळा भेटलो, त्याने काय सांगितले, घरी कोण असते, आणि सुटल्यावर शनिवारी चर्चचे ध्वनिवर्धक व वायरिंग पाहण्याच्या कामावर आम्ही त्याला घेऊ. शेवटच्या ओळीविषयी मंडळीच्या पंचांची संमती मिळविण्यास मला तीन बैठका लागल्या.