कूपमंडूक : एका शब्दाची फेरतपासणी

एखाद्याची दृष्टी संकुचित आहे असे सांगायचे झाले की आपण त्याला कूपमंडूक म्हणून मोकळे होतो. समुद्रावरून आलेला बेडूक विहिरीतल्या बेडकाला भेटतो आणि समुद्र आपल्या विहिरीहून मोठा असूच शकत नाही असे विहिरीतला ठरवून टाकतो, ही कथा स्वामी विवेकानंदांनी १८९३ च्या सप्टेंबरात शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत सांगितली. धर्माधर्मांतल्या वादाला ती चपखल बसली. माणसाविषयी बोलताना ती आजही बसते. माझी तक्रार आहे ती बेडकाच्या बाजूने. शब्दांची पारख करणे हे समीक्षेचे काम असेल, तर ज्या शब्दांनी एका जीवकुळाविषयीचे आपले मत कायमचे ठरवून टाकले, तेही तिच्या कक्षेत यायला हवेत.

कोणत्याही विषयाचा आरंभ वेदांपासून करण्याची खोड मलाही आहे. परंतु येथे तिला आधार आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले १०३ वे सूक्त मंडूकांचे आहे. पहिल्या पावसाने जागे झालेले बेडूक आणि सोमयागात मंत्र म्हणणारे ब्राह्मण यांची तुलना त्यात आहे. माक्स म्युलरला त्यात पुरोहितांची थट्टा दिसली. यास्काच्या निरुक्तातली परंपरा मात्र पर्जन्याच्या इच्छेने केलेले स्तवन म्हणून त्याकडे पाहते. हा वाद मला दुय्यम वाटतो. त्या ऋषीने बेडूक खरोखर पाहिले होते, हे महत्त्वाचे. एकाचा स्वर गाईसारखा, दुसऱ्याचा बोकडासारखा. एक ठिपक्यांचा, एक हिरवा. नाव सर्वांचे एकच, रूपे मात्र निराळी, अशी त्याची नोंद आहे.

या पाहण्याचा वारसा मराठीत फारसा उतरला नाही. माझे वाचन अपुरे असेल, पण आपल्या कवितेत बेडूक बहुधा नुसता आवाज म्हणून येतो. इसापनीतीच्या भाषांतरांत तो बैलाएवढा होऊ पाहणारी बेडकी होतो, आणि विदर्भातल्या धोंडीच्या प्रथेत पावसासाठी काठीला बांधला जातो. निसर्गावरच्या ललित गद्यातही झाडाला जात असते, पक्ष्याला नाव असते; बेडूक मात्र नुसता ‘बेडूक’. पक्ष्यांच्या वाट्याला मारुती चितमपल्ली आले आणि त्यांनी मराठीला ‘पक्षीकोश’ दिला. २०२५ साली ते गेले. त्या निष्ठेचे काम बेडकांसाठी व्हायचे आहे.

आम्हा बेळगावकरांना पावसाळ्यात आंबोलीला जाण्याची जुनी सवय. धबधबा, धुके, कणसे, परत. वाटेतल्या काळ्या कातळाच्या सड्याकडे मीही कित्येक वर्षे पाहिले नाही. त्याच परिसरातल्या जांभ्या दगडावर एक लहानसा भेक राहतो. अंगठ्याएवढा, कुशीवर पिवळसर पट्टे. त्या पट्ट्यांमुळे त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला, ‘झँथोफ्रायनी टायग्रिना’. शास्त्राने त्याला स्वतंत्र जात म्हणून ओळखले ते २००९ साली. त्याचा जवळचा भाऊबंद कोयनेचा. त्याचे वर्णन सोमन नावाच्या अभ्यासकाने १९६३ साली केले होते. आंबोलीचा हा भेक आंबोलीच्या आसपासच्या सड्यांवरच आढळतो आणि अतिसंकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत त्याची गणना होते. पहिल्या सरी पडल्या की थोड्या दिवसांत त्याची सारी धांदल उरकते. कातळातल्या खळग्यांत वीतभरही खोल नसलेले पाणी साचते, त्यात अंडी, त्यातच पिल्ले. पावसाने मध्येच उघडीप दिली तर ते पाणी आटते.

आता या बेडकाला समुद्राची थोरवी सांगून पाहावी! त्याला खळगाच हवा. मोठ्या पाण्यात मासे असतात, अंडी-पिल्ले खाणारे असतात. आपण ज्याला कोतेपणा म्हणतो, ती त्याची जगण्याची अट आहे. दृष्टांत रचणाऱ्याचा रोख माणसावर होता हे मान्य. पण दृष्टांतातल्या प्राण्याविषयीचे मतही नकळत आपल्या अंगवळणी पडतेच.

दुसरा शब्द ‘डबके’. त्यात घाण गृहीत आहे. डबके दिसले की बुजवायचे. तिसरा शब्द साहित्यिकांचा नव्हे, तलाठ्याचा. तरीही तिघांत सर्वांत बलवान. सातबारावर लागवडीला निरुपयोगी जमिनीपुढे ‘पोटखराब’ असे लिहितात. सड्याच्या वाट्याला हाच शब्द येतो. जे खराबच आहे ते खणले, भरले, सपाट केले, तर बिघडले कोठे? म्हणून चिऱ्यांच्या खाणी निघतात, सुरुंग लावून व बाहेरून माती आणून आंब्या-काजूच्या बागा उठतात. कोकणच्या सड्यांवर सुट्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक पाल राहते. तिचेही वर्णन १९६३ चेच, आणि त्यातही सोमन यांचा वाटा. बांध घालायला ते दगड उचलले की तिचे घर गेले. कासच्या पठाराला फुलांनी तारले, आणि २०१२ साली ते पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशातही गेले. पालीला आणि भेकाला फुले येत नाहीत.

अर्थात सड्याच्या मालकाची बाजूही ऐकलीच पाहिजे. त्याच्या घरात चिऱ्याचे पैसे येतात. बेडकाने त्याला काय दिले? शहरातून जाऊन त्याला उपदेश करणाऱ्यांत मी स्वतःला धरत नाही. पावसाळी रात्री ओल्या रस्त्यावर जे भेक चिरडतात, ते तर आपल्याच मोटारींखाली.

दोष सगळा परंपरेचा नाही आणि उपायही सगळा शास्त्रज्ञांकडे नाही, हे अलीकडची नावे पाहताना जाणवते. आंबोलीच्याच एका बेडकाला २०१४ साली ‘चिरावासी’ हे नाव मिळाले. मराठी कानाला ते समजावून सांगावे लागत नाही. २०१८ साली गोव्यातल्या एका बेडकाचे नाव ‘गोयंची’ ठेवले. आमच्या चोर्ल्याच्या परिसरात सापडलेल्या एका देवगांडुळाच्या नावात म्हादई आली. देवगांडूळ हा बिनपायांचा, मातीत राहणारा, बेडकाचाच दूरचा नातलग. साप समजून तो कुदळीखाली मरतो. खेड्यात त्याला देवाचे नाव मिळाले आणि तरीही त्याचे मरण चुकले नाही. तेव्हा नुसत्या नावाने जीव वाचतो असे मी म्हणणार नाही. पण ज्याला नाव नाही, त्याच्या मरणाची नोंद तरी कोठे करायची? गोव्यात पावसाळ्यात मोठे बेडूक पकडून ‘जंपिंग चिकन’ म्हणून खाल्ले जातात. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही १९८७ पासून बंद आहे. पण ताटात येताना बेडकाचे बेडूकपण त्या टोपणनावातच पुसून गेलेले असते.

गेल्या पावसाळ्यात आंबोलीकडच्या एका परिचित शेतकऱ्याबरोबर त्याच्या सड्यावर गेलो होतो. त्याने एका खळग्याकडे बोट दाखवले. तळाशी बोटाच्या पेराहूनही लहान, काळी पिल्ले वळवळत होती. “ही आमची पहिल्यापासूनची,” तो म्हणाला. कातळाचा तो तुकडा विकावा की ठेवावा, याचा निर्णय त्याच्या घरात अजून झालेला नाही. सातबारा त्याने मला घरी आल्यावर दाखवला.