सूचना विद्यार्थ्यांसाठी, भाषा कोर्टासाठी

दस्तऐवज कसा वाचायचा हे शिकायला दरवेळी जुनं दफ्तरच उघडायला हवं असं नाही. मेडिकल कौन्सेलिंग कमिटीची, म्हणजे एमसीसीची, एमबीबीएस प्रवेशाची माहितीपुस्तिका घ्या. सरकारी कॉलेजांतला १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा हिच्यामार्फत भरतात. कॉलेज अर्जदाराशी जवळजवळ बोलतच नाही; बोलतं ते पोर्टल. म्हणून त्या पोर्टलची भाषा तपासली पाहिजे.

सुरुवात नावापासूनच करू. कौन्सेलिंग म्हणजे समुपदेशन, सल्ला. इथे मात्र या शब्दाचा अर्थ आहे जागावाटप. सल्ला द्यायला कोणी बसलेलंच नाही.

आता क्रियापदं बघा. विद्यार्थ्याने नोंदणी करावी, पसंतीक्रम भरावा, मुदतीत हजर व्हावं. इथे कर्ता ठळक आहे. यंत्रणेची पाळी आली की तो गायब होतो: मुदत 'वाढवण्यात येते', पसंतीक्रम 'आपोआप' लॉक होतो. पहिल्या फेरीची जागा घेऊन अपग्रेडेशनला होकार दिला आणि दुसऱ्या फेरीत वरची पसंती लागली, तर आधीची जागाही 'आपोआप' रद्द. हा नियम चुकीचा नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळते. पण 'नवं कॉलेज नको वाटलं तरी जुनं परत मिळणार नाही' हा त्याचा खरा अर्थ अठरा वर्षांच्या मुलाने स्वतः उलगडायचा. चुकीचा अर्थ लावला तर जागा जाते. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत जप्त होते, आणि अभिमत विद्यापीठांसाठी ही अनामत २ लाख रुपये आहे.

त्यात भाषेचा पेच वेगळाच. नीट १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे. पण मराठीतून जीवशास्त्राचे प्रश्न सोडवलेल्या मुलीला पुढची माहितीपुस्तिका मराठीत मिळत नाही. ही पोकळी मग व्हॉट्सॲप ग्रुप आणि पैसे घेणारे खासगी सल्लागार भरून काढतात.

तुलनेसाठी अमेरिका घेऊ. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची, एएएमसीची, दोन आचारपत्रकं आहेत: एक अर्जदारांसाठी, दुसरं कॉलेजांच्या प्रवेश अधिकाऱ्यांसाठी. वर्ग भरेल इतके प्रवेशप्रस्ताव १५ मार्चपर्यंत पाठवावेत, असं कॉलेजांना सांगितलेलं आहे. म्हणजे मुदत दोन्ही बाजूंना. अर्थात या शिफारशी आहेत, सक्ती नाही. आणि तिथे कॉलेज स्वतः निवड करतं, त्यामुळे उत्तराची वाट बघत महिनोन्‌महिने झुरणंही तिथलंच. आपल्याकडे गुणवत्ता यादी सगळ्यांसमोर असते, ही आपली जमेची बाजू. ती विसरून केलेली तुलना लंगडी.

मग आपल्याकडची भाषा अशी का? माझं म्हणणं असं की या सूचनांचा खरा वाचक विद्यार्थी नाही, न्यायाधीश आहे. प्रवेशाचे वाद कोर्टात जातात, तिथे प्रत्येक शब्दाचा कीस पडतो. मग 'आम्ही सांगितलं होतं' हे सिद्ध करता येणं महत्त्वाचं ठरतं, 'त्याला कळलं का' हे मागे पडतं. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पुरावा हवा तर मसुदा तयार करणाऱ्यांच्या मुलाखती घ्याव्या लागतील, याचिका आणि सूचना तारीखवार शेजारी ठेवाव्या लागतील. वादानंतर त्याच कलमाची भाषा बदललेली दिसली, तर म्हणण्यात दम आहे. नाही दिसली, तर सोडून द्यायचं.

संशोधनाचा विषय शोधत असाल तर असा एखादा रोजचा कागद घ्या आणि चार प्रश्न विचारा. कोण बोलतंय? कोणाशी बोलतंय? मुदत कोणाला आहे? आणि चूक झाली तर किंमत कोण मोजतं? इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर धूसर आहे आणि शेवटच्याचं अगदी स्पष्ट. टीका करायची ती नेमकी या अंतरावर. कायदेशीर मसुदा राहू दे तसाच. त्याच्या शेजारी साध्या मराठीत 'याचा अर्थ काय' एवढा एक रकाना दिला, तर कोर्टाचंही काही बिघडणार नाही.