नवीन पोपट आणि आपले जुने कान

आपल्यात समीक्षा लिहायची पद्धत ठरलेली आहे. कवितासंग्रह आला की लिहायचं. आत्मकथन आलं की लिहायचं. कॅसेट आली तर? कॅसेटवर आपण लिहीत नाही. म्हणून मी लिहितो. मी जिनिंगमध्ये कामाला आहे. रुई आणि सरकी वेगळी करणं हा माझा धंदा. कॉलेजची पायरी चढलो नाही. चुकलो तर कान धरा, पण 'हा विषयच नाही' असं म्हणू नका.

विषय आनंद शिंदेचा 'नवीन पोपट'. १९८० नंतरच्या दशकात या गाण्याच्या कॅसेटनं प्रल्हाद शिंदेंचा हा तरणा पोरगा एका दमात महाराष्ट्रभर पोचवला. माझा तेव्हा जन्मही नव्हता. पण पेडगावात आमच्या घरी बापाच्या पत्र्याच्या पेटीत ती कॅसेट अजून आहे. विकतची नाही, भरून घेतलेली. वरच्या कागदावर बापाचं वाकडंतिकडं अक्षर.

त्याआधी तबकडी होती. तबकडी महाग, ती वाजवायचं यंत्र त्याहून महाग, आणि कुणाचा आवाज भरायचा हे कंपनी ठरवणार. मग स्वस्त कॅसेट आली. १९८३ साली टी-सीरिज निघाली, पाठोपाठ लहानमोठ्या कंपन्या. सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर लाईट नसलेल्या वस्तीतही वाजायला लागला. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हतं त्यांच्या घरात आवाज आला. हा बदल आपल्या टीकाकारांनी पाहिलाच नाही, कारण तो छापील नव्हता.

आणि साल कोणतं होतं? १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतरासाठी मराठवाड्यात आपली घरं जळाली. नाव लागलं १९९४ ला, तेही विस्तार करून. या दोन सालांच्या मधे हे गाणं वाजत होतं.

माझ्या थोरल्या मामाचं लग्न त्याच काळातलं. त्या गावात आपली वरात वेशीबाहेरून जायची. त्या वर्षी पोरांनी ती सरळ मेन रस्त्यानं काढली. सगळे अंगावर काटा घेऊनच चालत होते. बँडवाल्यानं पोपट धरला. ओट्यावर बसलेली गढीवरची पोरं उठली. आता काठ्या निघतात असं वाटलं. ती पोरं खाली उतरली आणि वरातीत नाचायला लागली. माय सांगते, "आवाज आपल्या माणसाचा हाय हे त्यांला ठावं नव्हतं. ठावं असतं तरी नाचलेच असते, गाणंच तसं होतं." दुसऱ्या दिवशी हॉटेलात आपला कप वेगळाच होता.

लोकप्रियता म्हणतात ती ही. पाय हलतात, कप हलत नाही. पण पाय हलले हेही खोटं नाही.

आता टीकाकार. पांढरपेशांनी काय म्हटलं ते माहीतच आहे: अश्लील, थिल्लर, अभिरुची बिघडली. त्यांचं मला नवल नाही. आपल्या लोकांचं आहे. 'भीमगीतं गाणाऱ्या बापाचा पोरगा, आणि हे गातो?' असं आपल्याच स्टेजवरून बोललं गेलं. मागच्या साली एका अभ्यासवर्गात मी या गाण्यावर बोलायला उठलो, तर एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "बस खाली. इथं चळवळीवर बोलायचं असतं." मी बसलो. त्याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू.

ही गोष्ट आपल्याकडंच झाली असंही नाही. अमेरिकेत काळ्यांच्या चर्चमधून आणि मजुरीतून वर आलेल्या गाण्याला सोल म्हणतात. त्याला कंबर हलवणारा ठेका चढला की फंक. बेटी डेव्हिस नावाच्या काळ्या बाईचा पहिला अल्बम १९७३ साली आला, तिच्याच नावाचा. गाणी तिचीच. बाईनं स्वतःची इच्छा उघड्या गळ्यानं सांगितलेली. रेडिओवाल्यांनी दार लावलं. आणि विरोधाला कोण उभं राहिलं? काळ्यांच्या हक्कासाठी लढणारी एन.ए.ए.सी.पी.! बाबासाहेबांनी १९४६ साली ज्या डू बॉईसना पत्र लिहिलं, ते या संघटनेच्या संस्थापकांपैकी. जातीची इभ्रत जाईल ही भीती तिथंही होती. अल्बम खपला नाही. पुढं बाई गाण्यातून बाजूला झाली. २००७ साली तो अल्बम पुन्हा निघाला तेव्हा नव्या पोरांनी डोक्यावर घेतला. ती २०२२ साली वारली.

आनंद शिंदेचं उलटं झालं. लिहिणाऱ्यांनी नाक मुरडलं, ऐकणाऱ्यांनी सोडलं नाही.

पण मी त्याचा वकील नाही. दोन्ही गाणी एका मापाची नाहीत. बेटी डेव्हिसच्या गाण्यात बाई स्वतः बोलते. पोपटाच्या दुअर्थी गमतीत मला बाईची बाजू सापडत नाही. माझ्या बहिणीला हे गाणं आवडत नाही आणि तिचं कारण मला पटतं. दुअर्थी बोलणं हे तमाशातलं जुनं हत्यार आहे. सरळ बोलायची सोय नसलेल्यांनी घडवलेलं. इथं ते हत्यार वरच्यांकडं वळलेलं नाही, एवढीच माझी तक्रार. 'अश्लील' म्हणणाऱ्यांची तक्रार वेगळी आहे, ती माझी नाही.

आवाज मात्र थोर आहे. कव्वालीच्या मुकाबल्यात रात्र रात्र स्टेजवर घासलेला घराण्याचा गळा. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचलाच पाहिजे, या हिशोबानं उघडलेला. त्याला लाजायला शिकवलेलं नाही. आमच्या जिनिंगमध्ये रोलर चालू असताना माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, हा आवाज येतो. याच गळ्यानं भीमगीतं गायली. माझ्या बापानं आधी पोपट भरून घेतला, आणि 'हाच गातो' म्हणून मग भीमगीतांच्या कॅसेटी विकत आणल्या. जयंतीच्या मिरवणुकीत तो पहिल्यांदा गेला तो त्यानंतर. हे कोणत्या समीक्षेत बसवायचं?

प्रल्हाद शिंदेंनाही आपण सोडलं नव्हतं. विठ्ठलाची गाणी गातात म्हणून बोल लावला. ते २००४ साली गेले. बोल लावणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्या आवाजावर चार पानं लिहिली असतील तर मला वाचायला द्या.

यंदा जयंतीच्या बैठकीत ठराव आला, मिरवणुकीत फक्त भीमगीतं, पोपट नाही. मी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. मिरवणूक बाबासाहेबांची आहे. मग मी म्हणालो, मिरवणुकीत नको तर नको, अभ्यासवर्गात ऐकू. थोडी कुरबुर झाली. शेवटी अर्धा तास मिळाला आहे. टेपरेकॉर्डर मीच नेणार. कॅसेट मधेच अडकते, पेन्सिल जवळ ठेवावी लागेल.