लोणार आणि आमचें प्रवासवर्णन

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार पाहून येणाऱ्या लेखकांची आपल्या भाषेंत वाण नाहीं. वाण आहे ती लोणार हें गांव म्हणून पाहणाऱ्या लेखकाची. प्रथम विवर, मग लवणासुर, मग उल्का, आणि शेवटीं निसर्गाच्या चमत्कारास हात जोडणें, हा ह्या वर्णनांचा आतां ठरून गेलेला सांचा आहे. त्यांत असत्य कांहीं नसतें. परंतु सत्याचा एकच तुकडा पुनःपुन्हां दाखविल्यानेंही वाचकाची दृष्टि आखूड होते, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

विवर थोर आहे ह्याविषयीं वाद नाहीं. सुमारें 1.8 किलोमीटर व्यासाचा तो खळगा काळ्या बसाल्टांत पडलेला आहे. 1823 सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. हें ज्वालामुखीचें मुख कीं उल्केची खूण, हा वाद पुढें दीर्घकाळ चालला व 1973 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तो उल्केच्या बाजूनें निकालांत निघाला. त्याचें वय सुमारें 50 हजार वर्षें मानीत असत; 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या गणनेनें तें सुमारें 5 लाख 70 हजार वर्षें ठरविलें. ही हकीकत रोमहर्षक आहे खरी. पण ती सरोवराची जन्मकथा झाली. नायकाच्या जन्मापाशींच चरित्र संपविणाऱ्या चरित्रकारास आपण काय म्हणूं?

ह्यापेक्षां जुन्या दंतकथेची दृष्टि अधिक व्यापक होती. दैत्य भूमिगत विवरांत राही. विष्णूनें पायाच्या अंगठ्यानें त्यावरील झांकण उडविलें, आणि तें नैर्ऋत्येस दूर ढाकेफळ येथें टेकडी होऊन पडलें. सरोवराचें पाणी हें त्या दैत्याचें रक्त, अशीही लोकसमजूत आहे. 2020 च्या जून महिन्यांत पाणी गुलाबी झालें, तेव्हां खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्याचें कारण शास्त्रज्ञांनीं दाखविलें, आणि तेंच ग्राह्य होय. परंतु कथेची किंमत तिच्या खरेपणांत नाहीं. सरोवर, गांवांतील देऊळ आणि कित्येक कोसांवरची टेकडी हीं तिनें एका सूत्रांत ओवलीं. आमच्या प्रवासवर्णनास हें साधलेलें नाहीं.

तें देऊळ म्हणजे दैत्यसूदनाचें. तें वस्तींतच उभें असल्यामुळें कांठावर धांवत जाणारा प्रवासी त्यास पाठ दाखवितो. वस्तुतः त्याच्या छतावरील शिल्पांत जी दैत्यवधाची कथा कोरलेली आहे, ती वाचल्यावांचून खालीं उतरणें म्हणजे नांदी सोडून नाटकास बसणें होय. पुढें कांठावर गोड्या पाण्याची अखंड वाहणारी धार लागते; तळाशीं मात्र पाणी खारें आणि क्षारयुक्त, व त्याच्या तीरावर कमळजादेवी. गोड्याकडून खाऱ्याकडे जाणारी ही एक उतरण लोणारचा सर्व अर्थ सांगून जाते. येथील क्षारांची नोंद अकबराच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी'नेंही घेतली आहे, म्हणजे विद्वानांच्या कुतूहलापूर्वीं हें पाणी व्यवहाराचा विषय होऊन बसलें होतें. गांवाबाहेरच्या अंबर तळ्याकडे व मोठ्या मारुतीकडे तर फारच थोडे वळतात.

आश्चर्य हें कीं, स्थळ कसें पाहावें ह्याचा धडा मराठीस नवा नाहीं. चक्रधरांचें लोणारचें वास्तव्य महानुभाव वाङ्मयांत नोंदलेलें आहे. त्या पंथाच्या स्थानपोथीची रीत पाहा: देवळाचें दार कोणत्या दिशेस, स्वामी कोठें बसले, पायऱ्या कोठें, हें ती निरलंकार सांगत जाते. तिच्यांत उद्गार नाहींत, पण पावलें आहेत. आमच्या वर्णनांत उद्गार आहेत आणि पावलें नाहींत.

हा केवळ रुचीचा प्रश्न असता तर आम्हीं एवढी शाई खर्चिली नसती. 2000 सालीं येथें अभयारण्य झालें; 2020 सालीं सरोवरास रामसर यादींत स्थान मिळालें. परंतु गांवाचें सांडपाणी सरोवरांत उतरतें, ही तक्रार न्यायालयापर्यंत जावी लागली. गांव आणि सरोवर एकमेकांपासून तोडून लिहिण्याचा परिणाम तो हाच: ज्या गांवाचें पाणी खालीं जातें, तें गांव आमच्या चित्रांतच नसतें. विवरासाठीं हळहळणाऱ्या लेखकानें प्रथम लोणारच्या गल्लींतून चालावें, दैत्यसूदनाच्या छताखालीं मान वर करून उभें राहावें, धारेचें पाणी ओंजळींत घ्यावें, आणि मग सरोवराकडे उतरावें. तसें लिहिणारा जो कोणी भेटेल, त्याच्या ग्रंथाचें स्वागत करण्यास आम्ही उत्सुक आहों.