‘दुर्बल’ विषाणू आणि ‘वाहक’ : एका परिभाषेचे परीक्षण

पारिभाषिक शब्दांचे मूल्यमापन करताना मराठीत बहुधा त्यांच्या सुबोधतेचाच विचार होतो. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात संस्कृत धातूंच्या आधारे परिभाषानिर्मितीचे प्रचंड कार्य केले, तेव्हाही वादाचा मुख्य रोख शब्दांच्या काठिण्यावर होता. परंतु काठिण्य हा गौण प्रश्न होय. दोन भिन्न वस्तूंतील भेद तो शब्द राखतो की पुसून टाकतो, ही परिभाषेची खरी कसोटी. ॲडिनोव्हायरसविषयीचे अलीकडील मराठी लेखन या कसोटीवर उतरत नाही.

१९५३ साली रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बालकांच्या नाकामागील ॲडिनॉइड ग्रंथींच्या ऊतीत हा विषाणू प्रथम आढळला. ‘ग्रंथी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. पुढे त्याचे अनेक प्रकार ज्ञात झाले. तिसरा आणि सातवा प्रकार घसा, डोळे व फुप्फुसे यांना ग्रासतो. आठव्याने डोळ्यांची तीव्र साथ येते. चाळिसावा व एकेचाळिसावा लहान मुलांच्या अतिसारास कारण होतो. ‘डोळे येणे’ हा मराठीतील जुना शब्दप्रयोग यांतील एका रोगलक्षणाला नेमका लागू पडतो. मात्र तो कारण सांगत नाही. एन्टेरोव्हायरस व जीवाणू यांच्यामुळेही डोळे येतात.

रोगकारक म्हणून ‘विषाणू’ हा शब्द येथे चपखल बसतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही विषच. अडचण उद्भवते ती हाच विषाणू औषधाचे साधन होतो तेव्हा. अमेरिकेच्या सैन्यात १९७१ पासून चौथ्या व सातव्या प्रकारांची लस गोळ्यांच्या रूपाने देण्यात येऊ लागली. त्या गोळ्यांतील विषाणू जिवंत असून दुर्बलही केलेला नव्हता. जठरात न विरघळणाऱ्या आवरणामुळे तो थेट आतड्यात पोहोचे आणि फुप्फुसांचा रोग न होता प्रतिकारशक्ती निर्माण होई. म्हणजे विषाणू बदलला नाही, केवळ मार्ग बदलला.

कोव्हिशील्डची गोष्ट निराळी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादिलेल्या या लसीत चिंपांझीचा ॲडिनोव्हायरस योजिला आहे. मानवी प्रकारांविरुद्धची प्रतिपिंडे अनेकांच्या शरीरात आधीच असतात, म्हणून ही निवड. त्यातील ‘ई-१’ हा जनुकभाग काढलेला असल्याने तो मानवी शरीरात स्वतःची वाढ करू शकत नाही. ती उणीव भरून काढणाऱ्या खास पेशींतच त्याची पैदास होते. असे असताना मराठीत त्याचे वर्णन सर्रास ‘दुर्बल केलेला सर्दीचा विषाणू’ असे झाले. हा शब्द पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लसीला शोभतो. तिच्यातील विषाणू दुर्बल असला तरी वाढतो, आणि क्वचित् पुन्हा प्रबळही होतो. वंध्य केलेल्या विषाणूला दुर्बल म्हटल्याने नसलेले भय वाचकाच्या माथी बसते.

याहून गंभीर दोष असा की, असलेले भय त्याच शब्दाने झाकले जाते. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा युवक जनुकोपचाराच्या प्रयोगात मरण पावला. त्याला दिलेला पाचव्या प्रकारचा ॲडिनोव्हायरसही वाढण्यास असमर्थ होता. घातक ठरली ती शरीराची तीव्र प्रतिक्रिया. कोव्हिशील्डच्या वर्गातील लसींनंतर अत्यंत विरळा आढळलेल्या रक्तगुठळ्यांचे कारणही विषाणूची वाढ नव्हे, तर प्लेटलेटमधील एका प्रथिनाविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे हे होय. ‘दुर्बल, म्हणून निरुपद्रवी’ हे अनुमान दोन्ही ठिकाणी फसते.

‘वाहक’ या शब्दाचीही हीच गत आहे. हिवतापाचा डास वाहक, रोगबीज बाळगणारा निरोगी मनुष्य वाहक, एस.टी.त तिकिटे देणारा वाहक, आणि लसीतील जनुक पेशीपर्यंत नेणारा विषाणूही वाहकच! रोग वाहणारा आणि जनुक वाहणारा यांना एकच नाव देणे युक्त नव्हे. ‘जनुकवाहक’ आणि ‘वाढ-अक्षम’ असे शब्द योजल्यास दोन्ही भेद सुरक्षित राहतात, आणि यांपैकी एकही शब्द दुर्बोध नाही.

हा निव्वळ कोशकारांचा वाद नव्हे. २०२० मध्ये कोव्हिशील्डच्या चाचण्या नागपूर व सेवाग्राम येथेही झाल्या. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले. रक्तगुठळ्यांचा धोका युरोपच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच नोंदविला होता. तथापि २०२४ मध्ये ब्रिटनमधील न्यायालयीन कागदपत्रांची बातमी आली, तेव्हा इकडे जणू नवे रहस्य फुटल्याचा गहजब झाला. ज्या समाजाला आधी ‘निरुपद्रवी’ एवढेच सांगितले गेले, त्याला पुढे ‘घातक’ एवढेच ऐकू आले. लाभ मोठा आणि धोका विरळा, परंतु खरा, हे मधले सत्य पेलणारी शब्दकळा त्याच्या हाती नव्हती. लस घेणाऱ्याची संमती त्याच्या भाषेत घेतली जाते. ती भाषा भेद सांगू शकत नसेल, तर ती संमतीही अर्धीच म्हणावी लागेल.